विसरणाऱ्यांच्या बाजूने

म्हाताऱ्या माणसांना सोपे प्रश्न विचारून रडवणं, ही माझी नोकरी होती. आज वार कोणता? आपण कितव्या मजल्यावर आहोत? शंभरातून सात गेले किती? त्यातून अजून सात? आता तीन शब्द सांगते, ध्यानात ठेवा, मी थोड्या वेळानं विचारणार आहे. बेळगावच्या एका मोठ्या इस्पितळात, मेंदूविकार विभागाच्या अगदी टोकाला, जिन्याखालच्या खोलीत मी हे प्रश्न विचारत विचारत निवृत्त झाले. पाटीवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ असं भारदस्त लिहिलं होतं. नर्सेस आणि आया मला ‘प्रश्नांच्या बाई’ म्हणायच्या, आणि तेच खरं होतं.

माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबलेली. तिला मी पहिल्यांदा नोकरी समजावून सांगितली तेव्हा ती म्हणाली, “म्हातारी मानसं इसरत्यातच की गं. ते बघायला एवढं शिकलेलं मानूस कशाला लागतंय?” तिची ही शंका पुढे मला पुष्कळ शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकावी लागली. ‘वय झालं, विसरायचंच’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकलं की आजही माझं टाळकं फिरतं. वय झालं म्हणून चष्म्याचा नंबर तपासता, गुडघ्याला तेल लावता, मग डोक्यानंच तुमचं काय घोडं मारलंय?

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘सेवेतले काही रुग्ण’ असा विषय सुचवला होता. मी एकाच माणसाबद्दल लिहिणार आहे. सगळ्यांबद्दल लिहायला बसले तर हा अंक पाडव्याला काय, तुळशीच्या लग्नालाही निघायचा नाही. माणसांची नावं बदलली आहेत. गाव बदललेलं नाही, कारण गाव बदललं तर सांगण्यासारखं फार उरत नाही.

परशरामआप्पा येळ्ळूरचे. आयुष्यभर उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा असतो, त्याचा आधी हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो; तो वाळूत दाबून साचा तयार होतो. तो लाकडी नमुना करणारा कारागीर म्हणजे पॅटर्नमेकर. रोज सायकलवरून जायचे, सायकलवरून यायचे. निवृत्त झाल्यावर घरचं भातशेत बघू लागले. एका सकाळी उठले, अंगात जुना खाकी शर्ट चढवला, सायकल काढली आणि थेट फाउंड्रीच्या फाटकावर जाऊन उभे राहिले. “पैल्या शिफ्टला आलोय, सोड आत,” म्हणाले. फाउंड्री बंद होऊन तिथं केव्हाच गोदाम झालं होतं. वॉचमननं आप्पांच्या खिशातल्या फोनवरून मुलाला बोलावलं.

मुलगा महेश बेळगावात एका कंपनीत अकाउंट्सला. घाबरून त्यानं आप्पांना एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चिठ्ठीवर ‘डिमेन्शिया’ लिहिलं आणि खाली लिहिलं, एकटं सोडू नका. घरी जाताना महेशनं दोन कुलुपं विकत घेतली. एक सायकलीला, एक फाटकाला. आणि मग कुणीतरी सांगितलं म्हणून तो त्यांना आमच्याकडे घेऊन आला. सोबत आप्पांची बायको, शांताक्का.

आप्पा खुर्चीत ताठ बसले होते. पांढरा सदरा, टोपी, पायात नव्या चपला. महेश त्यांच्या शेजारी आणि शांताक्का मागे, भिंतीला टेकून उभ्या. माझ्यासमोर आमच्या विभागात शिकायला आलेला एक तरुण डॉक्टर गुण मांडायला बसला होता. तो दूरच्या जिल्ह्यातला, मराठी समजायचं, बोलायला अवघड जायचं.

वार बरोबर. महिना बरोबर. सालाला अडखळले, मग आलं. शंभरातून सात वजा करायला सांगितल्यावर सरसर खाली उतरत गेले, मलाच थांबवावं लागलं. एकमेकांत अडकलेल्या दोन आकृत्या कागदावर काढायला दिल्या, तर म्हणाले, “पट्टी हाय का?” नाही म्हटल्यावर पट्टी नसतानाही छापील आकृतीपेक्षा सरळ रेघा मारल्या. मग मी विचारलं,

“आप्पा, आपण आत्ता कुठल्या राज्यात आहोत?”

“म्हाराष्ट्रात.”

महेशनं कपाळावर हात मारला. “आप्पा, अवो, नीट सांगा की. इथं तपासणी चाललीया.”

“नीटच सांगितलं. तिनं इचारलं, मी सांगितलं.”

तरुण डॉक्टरनं कागदावर शून्य मांडलं. मी त्याला थांबवलं आणि आप्पांना विचारलं, “आप्पा, तुमचं रेशन कुठल्या सरकारचं येतंय?”

“कर्नाटकाचं.”

“सातबारा?”

“आमच्याकडं उतारा म्हणत्यात. त्यो बी त्यांचाच. कन्नडात असतोय, मला वाचता येतोय.” आप्पांनी माझ्याकडे रोखून बघितलं. “बाई, तू कुठली?”

“निपाणीची.”

“मग तू तरी असं इचारू नये.”

शांताक्का पदर तोंडाला लावून हसल्या. मलाही हसू आवरेना. तरुण डॉक्टर मात्र हसला नाही. आप्पा बाहेर गेल्यावर तो मला हळूच म्हणाला, नियमाप्रमाणं उत्तर चूक आहे मॅडम. मी म्हटलं, आपण कुठं आहोत हे या माणसाला कळतं का, एवढंच आपल्याला तपासायचंय. ज्याला कळत नाही तो इतक्या ठामपणानं चुकत नाही. त्याला उतारा कुणाचा तेही ठाऊक आहे आणि आपलं मन कुणाकडे तेही ठाऊक आहे. तो म्हणाला, मग लिहू काय? मी पेन घेतलं आणि एक गुण स्वतः मांडला, सहीसकट. कुणाला विचारायचं असेल तर त्यानं मला विचारावं.

असे वाद मी नोकरीभर घातले. आमच्या भागातलं माणूस घरात एक भाषा बोलतं, बाजारात दुसरी, शाळेत शिकलंच असेल तर तिसरी. त्याला आयत्या वेळी चौथ्याच भाषेत प्रश्न विचारायचे आणि उत्तर नाही आलं की मेंदू बिघडला म्हणायचं, हे मला कधी मानवलं नाही. मी निपाणीच्या बौद्ध वस्तीत वाढले. माणसाला धड न विचारताच त्याच्यावर शिक्का मारला की पुढे त्याचं काय होतं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

पण या वादात मी जिंकले आणि पुढच्याच प्रश्नाला हरले. आप्पांना पुन्हा आत बोलावलं. मघाशी तीन शब्द दिले होते, खिडकी, आंबा, नदी. ते विचारले.

“कुठले शब्द?” आप्पा म्हणाले.

“मी मघाशी सांगितलेले.”

“तू काय सांगितलंच न्हाईस.”

पहिलं अक्षर सांगून बघितलं, खूण सांगून बघितली. काही नाही. शब्द विसरणं वेगळं. शब्द सांगितले होते हेच पुसलं जाणं, हे वेगळं. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटलं ते मी शेकडो चेहऱ्यांवर बघितलंय. माणूस आधी रागावतो, मग तुमच्याकडे बघतो, मग घरच्यांकडे बघतो, आणि त्यांच्या डोळ्यांवरून ओळखतो की चुकलं ते आपलंच. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

म्हणजे आजार होता. पण चिठ्ठीत लिहिलेला नव्हता. डिमेन्शिया म्हणजे विसरण्यामुळे माणसाचा रोजचा दिवस मोडतो. कपडे, जेवण, व्यवहार, कशाचाच मेळ बसत नाही. त्याच्या आधी एक पायरी असते. स्मरण वयाच्या मानानं जास्त घसरलेलं असतं, पण दिवस अजून चालत असतो. तिला आमच्यात एमसीआय म्हणतात, मी सौम्य स्मृतिदोष म्हणायची. त्या पायरीवरची काही माणसं पुढे घसरतात, काही वर्षानुवर्षं तिथंच राहतात. आप्पा त्या पायरीवर होते. महेशला मी हे समजावून सांगितलं. त्यानं मान डोलवली. कुलुपं मात्र काढली नाहीत.

त्या वेळी आमच्याकडे एक संशोधन सुरू होतं, मेंदूतल्या जोडण्यांचं. आप्पांना त्यात घेतलं. एमआरआयच्या त्या बोगद्यात माणसाला निजवायचं आणि सांगायचं, डोळे उघडे ठेवा, हलू नका, झोपू नका, काहीही करू नका. आप्पा म्हणाले, “काय करू नका म्हणून सांगणारं हे पैलंच ऑफिस बघितलं.” करदोट्याला चांदीचा मणी होता, तो काढायला मात्र तयार होईनात. शेवटी शांताक्कांनी मणी काढून स्वतःच्या पदराला बांधला, तेव्हा आत गेले.

यंत्र धडधडायला लागलं तशा शांताक्का माझा हात धरून म्हणाल्या, “बाई, आत काय बघत्यात ते मला कळंल असं सांगा.”

मी सांगितलं ते असं. माणूस काही करत नसला तरी डोकं रिकामं नसतं. मेंदूच्या निरनिराळ्या जागा आपापसात बोलत असतात. एका जागेचं रक्त किंचित वाढलं की तिच्या सोबतिणीचंही त्याच वेळी वाढतं, कमी झालं की दोघींचं कमी होतं. ज्या जागा अशा बरोबरीनं चढतात-उतरतात, त्यांची आपसात जोडणी आहे असं धरतात. या आजारात आठवणी सांभाळणाऱ्या जागांची बाकीच्यांशी असलेली ही जोडणी विरळ व्हायला लागते.

“तुमचं माहेर कुठलं?” मी विचारलं.

“जांबोटी.”

“मग बघा. जांबोटी जागेवर आहे, बेळगाव जागेवर आहे. मधली बस कमी झालीय.”

शांताक्कांना हे एका दमात कळलं. आप्पा बाहेर आल्यावर त्यांनी ते जसंच्या तसं त्यांना सांगितलं. आप्पा कपाळावरचा यंत्राचा वळ चोळत म्हणाले, “बस चुकली म्हणून मी सासरवाडीला जायचं सोडलं व्हय? चालत गेलोय की.”

खोटं सांगत नाही, आमच्या विभागाचे प्रमुख डॉक्टर साहेब जे सांगायला फळाभर आकृत्या काढायचे, त्यातलं निम्मं यात होतं. या पायरीवरच्या काही मेंदूंमध्ये एकीकडची जोडणी विरळ होते तेव्हा दुसरीकडची उलट घट्ट झालेली दिसते. काही जाणकार म्हणतात, मेंदू आडवाटेनं काम निभावून नेतो. काही म्हणतात, तसं ठामपणे म्हणता येत नाही. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटवण्याएवढी माझी पायरी नाही.

काही आठवड्यांनी चित्रं तयार झाली. संशोधनाची चित्रं घरच्यांना दाखवायची पद्धत नव्हती. एकट्या माणसाचं चित्र बघून निकाल देता येत नाही, असं डॉक्टर आम्हाला बजावायचे. पण महेश खोलीत आला तेव्हा पडद्यावर चित्र उघडं होतं. निरोगी माणसांचं सरासरी चित्र एका बाजूला, आप्पांचं दुसऱ्या बाजूला. जोडण्या दाखवणाऱ्या रेषा कमी असलेलं चित्र कुणाचं, हे सांगायची गरज नव्हती.

“म्हणजे संपलंच,” महेश म्हणाला.

“काय संपलं?”

“मॅडम, मला दिसतंय की. तुमी पैल्यापासनं सौम्य सौम्य म्हणालाय.”

“महेश, या चित्रात तुमचे वडील नाहीत. त्यांच्या डोक्यातल्या रक्ताची थोडा वेळ केलेली मोजणी आहे.”

“मग माझे वडील कुठं हाईत?” तो ओरडला. बाहेरच्या बाकावर आप्पा बसले होते, त्यांना ऐकू गेलं असणार. आत डोकावून म्हणाले, “इथं हाय की रं. का वराडलास?”

काही महिन्यांनी मी येळ्ळूरला गेले. माणूस घरात कसा वावरतो हे घरीच बघावं लागतं. खुर्चीत बसवून विचारलेल्या प्रश्नांतून ते कळत नाही. फाटकाला कुलूप. शांताक्कांनी किल्ली आणून उघडलं. आप्पा सोप्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीत टीव्हीसमोर. टीव्हीचा आवाज बंद होता. दाढी वाढलेली. मी नमस्कार केला तर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा टीव्हीकडे.

“आंगूळ घालतो आमी,” शांताक्का म्हणाल्या. “ताटात कालवून देतो. शर्टाची बटणं सून लावती. आधी सगळं करायचे, बाई. आता हात धू म्हणून सांगावं लागतंय.”

मला जे दिसत होतं त्यात आजार किती आणि कुलूप किती, हे मी कागदावर मांडू शकले नसते. पण मला राग आला. संध्याकाळी महेश आल्यावर मी तो त्याच्यावर काढला. म्हटलं, तुमच्या वडलांचा दिवस अजून चालत होता. तो तुम्ही सगळ्यांनी मिळून बंद पाडलात.

महेश शांतपणे म्हणाला, “आणि हरवले तर? गाडीखाली आले तर? तुमी जबाबदार का, मॅडम?”

बोलल्या त्या शांताक्का. चुलीपुढून उठून आल्या आणि महेशच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

“किल्ली हिकडं दे.”

“आई, तू मधी पडू नको.”

“मी मधी न्हाय पडायचं तर कोण पडायचं? ह्यो माणूस जनमभर आपल्या पायानं गेला आन् आपल्या पायानं आला. हरवला तर मी हुडकीन. पण असं बसवून मारू देणार न्हाय. दे किल्ली.”

त्यानं किल्ली दिली नाही. त्यांनी त्याच्या शर्टाच्या खिशात हात घालून ती काढून घेतली. सून दारात उभी होती, तिनं सासूला वाट करून दिली, एवढं मला ठळक आठवतं.

दुसऱ्या दिवसापासून शांताक्का आप्पांना घेऊन शेताला जाऊ लागल्या. आणि महेशला सगळ्यात लागलं ते त्यांनी केलेलं दुसरं काम. गिरणीत, चहाच्या टपरीवर, देवळापुढच्या कट्ट्यावर, वडापच्या जीपगाड्यांच्या थांब्यावर जाऊन त्यांनी स्वतः सांगितलं, “आमचं मालक इसरत्यात. डोस्क्याचा आजार हाय, येड न्हाय. वाट चुकल्याली दिसली तर परत फिरवा आन् मला फोन करा.” आप्पांच्या सगळ्या सदऱ्यांच्या आतून त्यांनी आपला फोन नंबर दोऱ्यानं भरून घेतला. महेश मला फोनवर म्हणाला, “मॅडम, आईनं गावभर केलं. मला टपरीवर जायाची चोरी झाली.” मी म्हटलं, तुम्हाला चोरी झाली, त्यांना फाटक उघडं झालं.

अशी उत्तरं द्यायला मला आवडायची. त्यांची किंमत मला एका दुपारी कळली. सुगीचे दिवस होते, मी रजेवर निपाणीला होते. महेशचा फोन आला.

“आप्पा गेलेत. खळ्यावर सगळी कामात होती, कुणाचं ध्यान नव्हतं. आता बोला.”

पायात चपला अडकवून मी बसस्टँड गाठलं. निपाणी ते बेळगाव ती बस मला इतकी सावकाश कधी वाटली नव्हती. खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या टोपीकडे मी बघत होते, जणू आप्पा उलट्या दिशेनं हायवेनं चालत येणार होते. येळ्ळूरच्या टपरीवाल्यानं त्यांना बेळगावच्या वाटेला जाताना बघून शांताक्कांना लगेच कळवलं होतं; पण कुणी पोचायच्या आत आप्पा एका टेम्पोत बसून गेले होते. एवढंच ठाऊक होतं. हत्तरगीच्या पुढे आल्यावर शांताक्कांचा फोन आला.

“गावलं, बाई. उद्यमबागेत हाईत.”

आप्पा जुन्या फाउंड्रीच्या गल्लीत गेले होते. या खेपेला फाटकावर न थांबता पुढे चालत राहिले आणि लाकडाच्या भुशाचा वास आला तिथं आत शिरले. ते इराण्णाचं वर्कशॉप. इराण्णा तरुणपणी आप्पांच्या हाताखाली शिकलेला, घरात कन्नड बोलणारा माणूस. त्यानं “बर्री मेस्त्री”, म्हणजे या मेस्त्री, म्हणून स्टूल पुढे केलं, चहा मागवला, गप्पा मारता मारता सदऱ्याच्या आतला नंबर बघितला आणि फोन लावला. मी पोचले तेव्हा आप्पा स्टुलावर बसून एका लाकडी नमुन्याला पॉलिशपेपर घासत होते आणि इराण्णाशी कन्नडमधून हुज्जत घालत होते. लाकूड नीट वाळवलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन्ही हात भुशानं माखलेले.

महेश दारात उभा होता. “आप्पा, चला घरी.”

“शिफ्ट सुटल्याबिगर कसा येऊ? पगार कापत्यात.”

महेशनं माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोलले नाही, आणि त्या दिवशी न बोलल्याचं मला आजही बरं वाटतं. तो आत गेला, लाकडाच्या ओंडक्यावर बसला, मोबाइल बंद केला आणि शिफ्ट सुटेपर्यंत बसून राहिला. अधूनमधून आप्पा त्याला म्हणायचे, “ती कानस दे,” आणि तो द्यायचा. अंधारायला लागल्यावर इराण्णानं मोठ्यानं सांगितलं, “मेस्त्री, शिफ्ट सुटली.” आप्पांनी हात झटकले, टोपी घातली आणि महेशच्या स्कूटरवर मागे बसले.

मग तसंच ठरून गेलं. आठवड्यातून दोन सकाळी महेश कामावर जाताना आप्पांना इराण्णाकडे सोडायचा, दुपारी शांताक्का येऊन न्यायच्या. बाकीचे दिवस शेत. पुढच्या तपासणीला आप्पा आले तेव्हा दाढी केलेली होती, बटणं स्वतः लावलेली होती. एक चुकलेलं होतं, पण स्वतः लावलेलं.

त्या वर्षीच्या बैठकीत आमच्याकडे एक बाहेरचे प्राध्यापक आले होते. आप्पांची दोन वर्षांची चित्रं शेजारी शेजारी लावली होती. जोडण्या आणखी विरळ. आठवणीचे गुण आणखी खाली. आणि रोजच्या व्यवहाराचे गुण मात्र मधल्या घसरणीनंतर वर चढलेले. प्राध्यापक म्हणाले, हे जुळत नाही, व्यवहाराचे गुण कुणी मांडले? मी म्हटलं, मी, घरी जाऊन. ते म्हणाले, मग याला कुठल्या गटात घालायचं? मी म्हटलं, येळ्ळूरच्या.

डॉक्टर साहेबांनी मला नंतर बाजूला घेऊन समज दिली. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, असं ते म्हणाले. हे मलाही कळत होतं, त्या दिवशीही कळत होतं. इराण्णाच्या वर्कशॉपनं आप्पांच्या जोडण्या परत विणल्या, असं मी कधी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. माझं म्हणणं एवढंच की ते चित्र बघून कुणीही सांगितलं नसतं की हा माणूस आज सकाळी ओलं लाकूड ओळखून भांडला. मग ते चित्र दाखवून त्याला खुर्चीत कशाला बसवता?

आजार थांबला नाही. तो थांबत नाही. एका वर्षी मी नेहमीचे प्रश्न विचारत होते. वार आला नाही, महिना आला नाही. राज्य विचारलं.

“कर्नाटक,” आप्पा म्हणाले. सरळ, कुरकुर न करता, शाळेतल्या मुलासारखं.

महेश शेजारी होता. पहिल्या खेपेला याच प्रश्नाला ज्यानं कपाळावर हात मारला होता, तोच महेश पुढे वाकला. “आप्पा, असं काय? आठवून सांगा की. आप्पा?”

आप्पांनी त्याच्याकडे गोंधळून बघितलं. आपलं काय चुकलं ते त्यांना कळेना. महेश उठून व्हरांड्यात गेला आणि खांबाकडे तोंड करून रडला. नियमाप्रमाणं उत्तर बरोबर होतं. मी एक गुण मांडला. माझ्या नोकरीत मी दिलेला सगळ्यात जड गुण तो.

त्यानंतर थोड्याच काळात मी निवृत्त झाले. संशोधनही संपलं. चित्रं कुठंतरी जपून ठेवली असतील. ज्या बाकावर आप्पांसारखी माणसं बसायची तो बाक आता तिथं नाही, असं ऐकते. एवढं महागाचं यंत्र आणणाऱ्यांना माणसाच्या घरच्यांसाठी एक खोली आणि समजावून सांगणारं एक माणूस ठेवायला मात्र कधी जमलं नाही. यासाठी मी अर्ज केले, भांडले, आणि हरले. ती खंत आहे.

पण मला शेवटी जे सांगायचंय ते वेगळं. गेल्या वर्षी महेशच्या मुलीला, स्नेहलला, खानापूरकडचं स्थळ आलं. मुलाकडची माणसं येणार म्हटल्यावर महेशच्या मामांनी सुचवलं, त्या दिवसापुरतं आप्पांना जांबोटीला नेऊन ठेवू. पाहुण्यांपुढं काहीतरी बोलतील, पोरीचं जमता जमता मोडेल. सगळे महेशकडे बघायला लागले. महेश म्हणाला, “आप्पा घरातच बसतील. म्होरच्या खुर्चीत.” आणि मला फोन केला, “मॅडम, तुमी या. पावण्यांनी काय विचारलं तर सांगायला.”

त्यांनी विचारलं. चहाचे कप खाली ठेवताच मुलाच्या वडलांनी विचारलं, हे पुढं पोरीला होतंय का? मी म्हटलं, या वयात होणारा हा आजार आजोबाला झाला म्हणून नातीला होईलच असं नाही. वय वाढलं की तो तुमच्या घरीही येऊ शकतो, माझ्या घरीही. त्यांना ते फारसं रुचलेलं दिसलं नाही.

तेवढ्यात आप्पांनी बघायला आलेल्या मुलाला विचारलं, “गाव कुठलं म्हणालास?”

मुलानं सांगितलं. आप्पांनी मान डोलवली. थोड्या वेळानं पुन्हा, “गाव कुठलं?” मुलानं पुन्हा सांगितलं. पाऊसपाणी, नोकरी, जमीन अशा गप्पा चालल्या होत्या आणि दर थोड्या वेळानं आप्पांचा प्रश्न यायचा. मामा माझ्याकडे बघून डोळ्यांनी म्हणत होते, बघितलंत? मुलाचे वडील चुळबुळायला लागले. एकदा ते स्वतःच तुटकपणे म्हणाले, “अवो, सांगितलं की मघा.” आप्पा ओशाळले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

मुलगा आपल्या खुर्चीतून उठला. आप्पांच्या शेजारी पाटावर जाऊन बसला, त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं म्हणाला, “कणकुंबी, आप्पा. लई पाऊस आमच्याकडं. तुमी कधी आलता का?”

“आलतो की,” आप्पा म्हणाले, आणि टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

माणसाची परीक्षा घ्यायचंच काम मी आयुष्यभर केलं, पण आप्पांच्या त्या एका प्रश्नानं घेतली इतकी चोख परीक्षा मला कधी घेता आली नव्हती. आतल्या दारात शांताक्का आणि स्नेहल उभ्या होत्या. शांताक्कांनी नातीकडे बघितलं. स्नेहलनं मान हलवली.

“महेश,” शांताक्का आतूनच मोठ्यानं म्हणाल्या, “पावण्यास्नी जेवायला थांबवून घे.”